विनीचा अर्थपूर्ण निरोप

हेझल पेट्रीने आयुष्यातली तीसेक वर्षं सरकारी दारूच्या दुकानात काउंटरमागे काढली. कॉर्मोरंट बे गावातल्या निम्म्या लग्नांची वाइन आणि जवळजवळ सगळ्या मयतांची व्हिस्की तिच्या हातून गेली होती. निवृत्त झाल्यावर तिला वाटलं, इतकी वर्षं आपण समारंभाला लागणारं ओलं सामान पुरवलं, आता कोरडं का पुरवू नये? म्हणून ती गावातल्या युनिटेरियन पंथाच्या मंडळींची ले चॅप्लिन झाली.

ले चॅप्लिन म्हणजे पुरोहितच. फक्त दीक्षा नाही, झगा नाही आणि देवाशी ओळख असलीच पाहिजे अशी अट नाही. मंडळी आपल्यातलंच एखादं बरं माणूस निवडतात, त्याला व्हँकुव्हरला दोन-चार दिवस शिकायला पाठवतात, आणि मग पुढची काही वर्षं त्याने लोकांची लग्नं लावायची, बाळांची नावं ठेवायची, गेलेल्यांना निरोप द्यायचा. हेझल तिथे दोन गोष्टी शिकून आली. प्रश्न असा विचारायचा, की समोरच्याला हो किंवा नाही म्हणून सुटता येऊ नये. आणि उत्तर आलं की चेहरा हलू द्यायचा नाही. दुसरी गोष्ट तिला दुकानातच येत होती. दार उघडताच जिन मागायला येणाऱ्यांकडे ती तीस वर्षं त्याच चेहऱ्याने बघत आली होती.

युनिटेरियनांचं एक आहे, त्यांना कुणी सांगितलेलं चालत नाही. धर्मगुरूने सांगितलेलं नाही, पुस्तकाने सांगितलेलं नाही, आईने सांगितलेलं तर मुळीच नाही. प्रत्येकाने आपापलं सत्य शोधायचं आणि सापडलं की रविवारी कॉफी पिताना इतरांना ऐकवायचं. त्यामुळे त्यांच्या विधींना ठरलेले शब्द नसतात. विधी ज्याचा त्याला अर्थपूर्ण वाटला पाहिजे, एवढाच नियम. हा 'अर्थपूर्ण' त्यांच्या जिभेवर असा बसला होता, की नव्या घडीच्या खुर्च्या घ्यायच्या बैठकीतही तो तीन-चारदा येऊन गेला.

हेझलने या नियमाचं सोनं केलं. एका जोडप्याचं लग्न तिने समुद्रात लावलं, नवरा एका कयाक होडीत, नवरी दुसरीत. शपथा अर्ध्यावर असताना ओहोटी लागली आणि 'आजन्म सोबत राहीन' हे वाक्य नवरदेवाला हात तोंडाशी धरून ओरडावं लागलं. एका काडीमोड घेतलेल्या जोडप्यासाठी तिने घरातला सोफा करवतीने कापायचा विधी बसवला. दोघं इतकी मन लावून कापत होती, की तेवढी एकी संसारात दाखवली असती तर सोफा वाचला असता. आणि एका गृहस्थाच्या नव्या, धातूच्या गुडघ्याचं स्वागत तिने कविता वाचून केलं होतं. गुडघ्याने काही उत्तर दिलं नाही, पण बायको रडली. एकदा केलेला विधी आपण दुसऱ्यांदा कधीच केला नाही, ही हेझलची शान होती.

मंडळींना स्वतःची इमारत नव्हती. अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं प्रार्थनाघर शनिवारी भरतं आणि रविवारी रिकामं असतं, ते यांनी भाड्याने घेतलेलं. भिंतीवरचा क्रूस मात्र भाड्यात मोडत नव्हता. तो स्क्रूने पक्का बसवलेला होता, आणि तो बघून निम्म्या मंडळींना आपलं बालपण आठवून कसंतरी व्हायचं. म्हणून विनिफ्रेड मो, म्हणजे विनी, हिने रंगीत तुकड्यांची एक भलीमोठी गोधडी शिवली. दर रविवारी सकाळी तिचा नवरा हाल्वर शिडी लावून ती क्रुसावर टांगायचा आणि दुपारी उतरवून घडी करायचा. मधल्या वेळात तो स्वयंपाकघरात कॉफीचं मोठं भांडं भरून स्टुलावर बसून राही. सभेला तो कधी बसला नाही. जन्मभर सामन मासे पकडणारा माणूस, ऐंशी पार केलेला, बोलायचा तो हवामानाबद्दल, तेही विचारलं तर.

त्याच्या वाटचंही विनी बोलायची. रविवारच्या सभेत मनातलं सांगायची वेळ आली, की पहिली विनी उठणार. बाजारात भेटली तर पिशवीतलं आइसक्रीम वितळेपर्यंत तुमची सुटका नाही. हेझलची ती जिवाभावाची मैत्रीण. दोघी दिवसातून दोन-तीनदा फोनवर असायच्या, आणि फोन ठेवताना 'संध्याकाळी सविस्तर बोलू' म्हणायच्या.

नोव्हेंबरात एका सकाळी बागेत ट्यूलिपचे कंद लावता लावता विनी खाली बसली ती उठली नाही.

हेझल रडली नाही. तिला वेळच नव्हता. आपल्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचा निरोप आपल्या हातून व्हायचाय, तो आजवरच्या सगळ्या विधींहून अर्थपूर्ण झाला पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात. दुसऱ्याच दिवशी हाल्वर तिच्या दारात आला, टोपी हातात घेऊन.

"विनीचं करायचंय," तो म्हणाला.

"ये रे, आत ये. चहा टाकते."

"चहा नको. नेहमीचं करून टाक, एवढंच सांगायला आलो."

"नेहमीचं म्हणजे?"

"नेहमीचं. सगळ्यांचं करतेस ते."

हेझलला मनातून जरा लागलंच. "हाल्वर, आमच्यात नेहमीचं असं काही नसतं."

"गावात एवढी माणसं गेली. एकही नेहमीसारखं गेलं नाही?"

"प्रत्येक माणूस वेगळं असतं ना! बस. मला सांग, विनीसाठी अर्थपूर्ण काय होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तिला खोलवर कशात समाधान वाटायचं?"

"मला काय माहीत? ती खोलवर असायची तेव्हा मी बोटीवर असायचो."

हेझलने चेहरा हलू दिला नाही. "बरं, सोपं विचारते. तिचं आवडतं फूल?"

हाल्वरने खूप विचार केला. टोपी उलटी केली, सुलटी केली. "पिवळं," तो म्हणाला.

"पिवळं कोणतं?"

"बागेतलं पिवळं."

"आणि तुम्ही दोघं घरात कशाबद्दल बोलायचात?"

"बोलायचो नाही."

इथे हेझलच्या डोळ्यांत अशी काही दया आली, की हाल्वरला बसल्या जागी खुर्ची टोचायला लागली. बाईने लगेच मनात हिशेब मांडला: सबंध गावाशी बोलणारी बाई आणि घरात हा ओंडका, काय काढलं असेल बिचारीने! ती मवाळ आवाजात म्हणाली, "असू दे. पोर्तुगालचं घेऊ या आपण. तिला पोर्तुगाल बघायचं होतं ना, तिथल्या एखाद्या गाण्याने सुरुवात करू."

"कुणाला बघायचं होतं?"

"विनीला."

हाल्वरने टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाला, "मला कधी बोलली नाही."

हेझलने जीभ चावली, पण आता चावून काय उपयोग.

हाल्वर उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. "हेझल, एक ऐक. त्या दिवशी मला काही विचारू नकोस. बोलायला लावू नकोस. एवढी वर्षं तिच्याबरोबर काढली आणि चारचौघांत मला तिचं फूल सांगता आलं नाही, तर लोक म्हणतील, हा म्हातारा त्या घरात नवरा होता की भाडेकरू? तेवढं माझं वाचव. बाकी तुला काय नाचायचं ते नाच."

"शब्द देते," हेझल म्हणाली, आणि तिने तो मनापासून दिला.

आता शब्द हेझलने दिला होता, समितीने नव्हे. युनिटेरियनांत समितीशिवाय पान हलत नाही, आणि समितीत पान हलवायचं की नाही यावरच पहिला तास जातो. समितीची बैठक डेस्मंडच्या घरी भरली. डेस्मंड कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला. "मी फक्त थोडक्यात मांडतो," असं म्हणून तो सुरू करायचा, आणि त्याचं थोडक्यात आजपर्यंत कुणाच्या दृष्टीस पडलेलं नव्हतं. शेजारी मार्लीन होती, विनीबरोबर थंडीत समुद्रात पोहणारी. आणखी तिघं-चौघं होती, त्यांना जेवायची घाई होती.

पोर्तुगीज गाणं ठरलं. पाकळ्या ठरल्या, पण पिवळ्या कुठल्या ते ठरेना, म्हणून पाकळ्या रद्द झाल्या. 'आत्मा' हा शब्द घ्यावा की नाही यावर डेस्मंडने थोडक्यात मांडलं, तोवर वाटीतलं चण्याचं वाटण संपलं. पहिल्या रांगेत एक खुर्ची विनीसाठी रिकामी ठेवायची आणि तिच्यावर तिचा नारिंगी स्कार्फ टाकायचा, हे मात्र सगळ्यांना एकदम आवडलं. मार्लीनचे डोळे भरून आले. "किती अर्थपूर्ण!" ती म्हणाली.

"हाल्वरला बोलायचं नाहीये," हेझलने सांगितलं. "मी त्याला शब्द दिलाय."

"अर्थातच!" सगळे एका सुरात म्हणाले. "त्याच्या इच्छेचा मान राखायलाच हवा."

"फक्त," डेस्मंड म्हणाला, "मी थोडक्यात मांडतो. आपण त्याला विचारलंच नाही, तर ते त्याला वगळल्यासारखं नाही का होणार?"

या मंडळींनी नरक कधीच मोडीत काढला होता, सैतानाला निवृत्त केलं होतं, पण वगळणं हे एक पाप त्यांच्याकडे अजून शिल्लक होतं. त्याला ती सगळी घाबरायची.

तोडगा निघाला तो दगडाचा. मंडळींचा एक दगड होता, समुद्रावरचा गुळगुळीत, मुठीत मावेल असा. रविवारी मनातलं सांगायच्या वेळी तो ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. तो दगड दुसऱ्याच्या हातात देईपर्यंत किंवा टोपलीत ठेवीपर्यंत बाकी कुणी चकार शब्द काढायचा नाही. हा नियम फार कडक पाळला जाई. एका वार्षिक सभेत चार जण एकाच वेळी मन मोकळं करत रडले होते आणि कोण कशासाठी रडतंय ते इतिवृत्त लिहिणाऱ्याला कळेना, तेव्हापासून तो आला. असं ठरलं, की निरोपाच्या वेळी दगड रांगेरांगेतून हातोहात फिरवायचा. बोलायचं त्याने बोलावं, नको असेल त्याने नुसता पुढे द्यावा. म्हणजे हाल्वरला बोलायला लावल्यासारखंही नाही आणि वगळल्यासारखंही नाही.

हेझलला आतून हे पटलं नव्हतं. पण तीही त्यांच्यातलीच. कुणाला वगळायचं म्हटलं की तिचाही धीर सुटायचा. ती "चालेल" म्हणाली. तिने दिलेला शब्द तिथे, त्या रिकाम्या वाटीशेजारी मोडला, आणि मोडल्याचा आवाज कुणालाच आला नाही.

निरोप रविवारी दुपारी होता. हाल्वरने सकाळीच शिडी लावून गोधडी टांगली, कॉफीचं भांडं भरलं आणि कोट झटकून तो सवयीने स्वयंपाकघरात स्टुलावर जाऊन बसला. डेस्मंडने त्याला तिथून हाताला धरून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. एका बाजूला डेस्मंड स्वतः, दुसऱ्या बाजूला नारिंगी स्कार्फ घातलेली रिकामी खुर्ची. मागे लांब टेबलावर प्रत्येकाने घरून करून आणलेलं जेवण मांडलं होतं. 'यात दूध नाही', 'यात गहू नाही', 'यात साखर नाही' अशा चिठ्ठ्या लावलेल्या. काहींत मग नक्की काय आहे, ते चिठ्ठीवरून कळत नव्हतं.

हेझलने दीप लावला. म्हणजे बटण दाबलं. अॅडव्हेंटिस्टांच्या गालिच्याला एकदा भोक पडल्यापासून मंडळींची पवित्र ज्योत बॅटरीवर चालायची. पोर्तुगीज गाणं झालं. कुणालाच त्यातला शब्द कळला नाही, त्यामुळे कुणाची हरकतही आली नाही. मग दगड निघाला.

पहिली मार्लीन, शेवटच्या रांगेतून. तिने सांगितलं, की विनी जानेवारीत समुद्रात शिरताना अशा काही शिव्या द्यायची की पाण्यातल्या सीलनीही माना वळवाव्यात. सगळे हसले आणि हसत हसत हाल्वरकडे बघू लागले. हाल्वरने मान हलवली. दुसरं कुणी म्हणालं, विनीला खरं तर वनस्पतिशास्त्र शिकायचं होतं. तिसऱ्याने सांगितलं, ती चोरून युकुलेले वाजवायला शिकत होती, त्याच्या गॅरेजमध्ये. कुणाला तिने मुलाच्या आजारपणात रोज फोन केला होता, कुणाला नवरा सोडायचा सल्ला दिला होता. प्रत्येकाकडे एक विनी होती, आणि एकेक विनी अशी काही चटपटीत, की ऐकत राहावी. प्रत्येक गोष्टीला लोक हाल्वरकडे बघत, जणू ही गोष्ट त्याला पाठच असणार.

हाल्वरने मान हलवायचं थांबवलं होतं. हेझलला समोरून त्याचा चेहरा दिसत होता. शेजारीपाजारी आपल्या घरातलं सामान एकेक करून उचलून नेतायत आणि आपण दारात उभे राहून बघतोय, असा तो चेहरा होता. तिला वाटलं, थांबवावं. पण दगड मार्लीनच्या मावसबहिणीकडे होता, आणि मावसबहीण रंगात आली होती.

शेवटी दगड डेस्मंडकडे आला. त्याने थोडक्यात मांडलं. मृत्यू, स्मृती, भरती-ओहोटी, मध्ये एक जर्मन शब्द. मग तो हाल्वरकडे वळला, त्याच्या दोन्ही हातांत दगड ठेवला, त्यावर त्याची बोटं स्वतःच्या हाताने मिटली आणि प्रेमाने म्हणाला, "तुझा वेळ घे."

आता पुढे द्यायचा तर कुणाकडे? पुढे विनीची खुर्ची होती. अर्थपूर्ण, रिकामी. हाल्वरने एकदा स्कार्फकडे बघितलं, एकदा दगडाकडे. टोपली पार मागे, पहिल्या वक्त्याच्या खुर्चीखाली. तो हलला नाही.

सगळे वाट बघू लागले. या मंडळींची रविवारची शांत प्रार्थना म्हणजे माणूस जरा सैल होऊन बसतोय तोच घंटा वाजायची. इथे घंटाच नव्हती. कुणीतरी खोकलं आणि ओशाळलं. मागच्या टेबलावर बटाट्याचं सॅलड वाळायला लागलं. पियानोवाला हेझलकडे बघत होता, मार्लीन हेझलकडे बघत होती. व्हँकुव्हरला शिकवलं होतं, अशा वेळी नुसतं सोबत असावं, बोलू नये. पण हेझल त्या शिकवणीमुळे गप्प नव्हती. तिला भीती वाटत होती, आणि भयंकर लाज. या म्हाताऱ्याने एकच गोष्ट मागितली होती, आणि आपण समितीला विचारून ती त्याला नाकारली. तिने बोलायला तोंड उघडलं. डेस्मंडने भुवया वर करून तिला दगड दाखवला. नियम म्हणजे नियम.

मग हाल्वर उठला.

"तुम्ही बोललात ती विनी मला फारशी माहीत नाही," तो म्हणाला. आवाज बोटीवरचा, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. "चांगली होती, ऐकून बरं वाटलं. माझ्याकडची वेगळी होती."

त्याने दगड मुठीत धरला.

"मी भरती बघून निघायचो, अंधारात. लग्न झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती माझ्याबरोबर उठली. चहा केला, समोर बसली. मी काहीतरी बोललो. म्हणाली, हाल्वर, उजाडेपर्यंत गप्प बस. दिवसभर मला लोकांशी बोलावंच लागणार आहे. मी गप्प बसलो. मग तेच चालू राहिलं. बोट विकली, तरी उठायचो. गरज काही नव्हती. चहा घ्यायचो, खिडकीतून पाणी बघायचो, कप विसळून ठेवायचो. ती मग फोन उचलायची आणि तुमची व्हायची." त्याने दगड एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "यात सांगण्यासारखं काही नाही, ते मला माहीत आहे. फूल-बिल काही नाही. पण तुमच्यापैकी कुणी तिला गप्प बसलेली पाहिलीय का?"

कुणीच उत्तर दिलं नाही. दगड त्याच्याकडे होता हे एक कारण. दुसरं म्हणजे, कुणीच पाहिली नव्हती.

हाल्वरने मान डोलावली. किल्ली ठेवावी तसा दगड कोटाच्या खिशात टाकला, टोपी उचलली आणि स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर निघून गेला. दार आपोआप लागलं.

आणि मंडळी अडकली. दगड टोपलीत नाही, दगड कुणाच्या हातात नाही, दगड इमारतीतच नाही. छापलेल्या कागदावर पुढे गाणं होतं, पण गाणं सुरू करायचं तर कुणीतरी 'आता गाणं' म्हणायला हवं, आणि म्हणायचा हक्क पायऱ्या उतरून गेलेला. डेस्मंडने तोंड उघडलं, चार बाजूंनी चार भुवया वर झाल्या, त्याने मिटलं. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. देव, स्वर्ग आणि पुनरुत्थान इतक्या सहज सोडून देणारी ती शहाणी माणसं एक दगड बाहेर गेला म्हणून जागच्या जागी बसून राहिली.

हेझल पुरोहित होती. तिने 'पुरे आता' म्हटलं असतं, तर सगळ्यांनी मनातून तिचे पाय धरले असते. ती बोलली नाही. पहिल्यांदा नियमामुळे, आणि मग तिला बोलता येईना म्हणून. हातातल्या कागदावर आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाकळ्या नाहीत, गाणं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. आणि त्या मोकळ्या जागेत तिला साधी गोष्ट कळली, की आज संध्याकाळी फोन वाजणार नाही. उद्याही नाही. विनी मेली होती. गेले दोन आठवडे ती विनीला अर्थपूर्ण करत बसली होती आणि विनी मेलीय हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला विनी हवी होती, दुसरं काही नको होतं. ती उभ्या उभ्या रडली, नाक गळेपर्यंत, तोंड वाकडं करून. कुणी तिला थोपटलं नाही, कुणी 'तुला काय वाटतंय ते सांग' म्हटलं नाही. सांगता येण्यासारखी परिस्थितीच नव्हती.

मग बाहीने नाक पुसून ती हाल्वर गेला त्याच दाराने बाहेर गेली.

तो मागच्या पायरीवर बसला होता. समोर गाड्या, त्यापलीकडे रस्ता, त्यापलीकडे पाणी.

"आत काय चाललंय?" त्याने विचारलं.

"काही नाही. बसलेत."

"संपलं ना सगळं?"

"नाही रे. दगड तुझ्याकडे आहे."

हाल्वरने खिसा चाचपला, दगड बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघत राहिला. "हा घेऊन आलो होय मी." मग त्याच्या हळूहळू लक्षात आलं. "म्हणजे कुणी बोलत नाहीये?"

"कुणीही नाही."

"सगळे?"

"सगळे."

"डेस्मंड?"

"डेस्मंडसुद्धा. टोमॅटोसारखा झालाय."

हाल्वरने मागे वळून बंद दाराकडे पाहिलं. आतून खरंच काही ऐकू येत नव्हतं. त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "विनीला हे आवडलं असतं," तो म्हणाला.

हेझलने दगडासाठी हात पुढे केला. कितीही झालं तरी आत माणसं होती, जेवण होतं, इमारत संध्याकाळी परत द्यायची होती. हाल्वरने दगड पुन्हा खिशात टाकला.

"बसू दे त्यांना थोडं," तो म्हणाला.

हेझल शेजारी बसली. त्याला आत्ता नक्की काय वाटतंय ते विचारायला तिने तोंड उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि न विचारताच मिटलं. दोघं पाण्याकडे बघत बसून राहिली.